प्रौढांमधील हर्शस्प्रंगचा आजार : निदान कसे होते, शस्त्रक्रिया कोणती आणि का?

धागाकर्ता :

बद्धकोष्ठतेची तक्रार घेऊन आलेल्या प्रौढ रुग्णाला "हे कधीपासून आहे?" असे विचारले की बहुतेक वेळा "खूप वर्षांपासून" असे उत्तर येते आणि विचारणारा पुढच्या प्रश्नाकडे वळतो. खूप वर्षांपासून म्हणजे नोकरी लागल्यापासून, शाळेत असल्यापासून, की पाळण्यात असल्यापासून, हे खोदून विचारले तर मोजक्या काही रुग्णांत असे लक्षात येते की ही तक्रार त्यांच्या पाचवीलाच पुजलेली आहे. त्यांतल्या काहींना हर्शस्प्रंगचा आजार असतो. हा आजार जन्मजात आहे आणि बहुतेक बाळांमध्ये तो लवकर ओळखला जातो. त्यामुळे विशी-तिशीतल्या माणसात तो असू शकतो हे चटकन कोणाच्या मनात येत नाही. मी मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या शस्त्रक्रिया करतो. या रुग्णांचे निदान होण्याआधी जी वर्षे वाया जातात ती वाचू शकतात असे मला मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी असतात. एक आतल्या अस्तराखाली असते आणि दुसरे स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये. मळ पुढे ढकलणारी लाट उठणे आणि त्या लाटेच्या पुढचा भाग सैल पडणे, ही दोन्ही कामे याच पेशी, म्हणजे गँग्लियन पेशी, करतात. गर्भावस्थेच्या साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात त्या वरून खाली सरकत गुदद्वारापर्यंत पोहोचतात. हा प्रवास वाटेत थांबला तर त्याखालचे सगळे आतडे या पेशींवाचून राहते. म्हणूनच दोष नेहमी गुदद्वारापासून सुरू होऊन सलग वर जातो. तो किती वर जातो हे पेशी कुठे थांबल्या त्यावर ठरते. बहुतेक रुग्णांत तो गुदाशय आणि त्याच्या लगतचा मोठ्या आतड्याचा वळणदार भाग, म्हणजे सिग्मॉइड, एवढ्यापुरताच असतो. साधारण 5000 जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये तो सुमारे चौपट आढळतो.

पेशी नसलेला तुकडा सैलच पडत नाही. तो कायम आवळलेला राहतो, आणि त्याच्यामागचे निरोगी आतडे जोर लावून लावून आधी जाड होते, मग फुगत जाते. चिमटा काढलेल्या रबरी नळीचा मागचा भाग फुगावा तसे हे घडते. या आजाराच्या इतिहासातली सर्वांत मोठी दिशाभूल इथेच झाली. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रंग यांनी 1886 साली बर्लिन येथे दोन बालकांची हकीकत मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ते प्रचंड फुगलेले आतडेच होते आणि आजार त्यातच आहे असा त्यांचा समज झाला. पुढची कित्येक दशके शल्यचिकित्सक फुगलेला भाग काढत राहिले आणि तक्रार परतत राहिली. ऑर्व्हार स्वेन्सन यांच्या ध्यानात आले की फुगलेल्या भागातून पोटावर मळाची वाट काढून दिली की मूल सुधारते आणि ती वाट बंद केली की पुन्हा आजारी पडते. त्यांनी फुग्यांच्या साहाय्याने आतड्यातला दाब नोंदवला. लाटा फुगलेल्या भागात व्यवस्थित उठतात आणि खालच्या, दिसायला साध्यासुध्या अरुंद तुकड्यापाशी येऊन विरतात, असे त्यात दिसले. तो तुकडा काढून वरचे आतडे गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1948 साली प्रसिद्ध केली. प्रौढांमध्ये आजही हीच दिशाभूल होते, कारण सीटी स्कॅनवर नजर आधी फुगलेल्या आतड्यावरच जाते.

मग हा आजार घेऊन माणूस प्रौढ होईपर्यंत जगतो कसा? बहुतेक प्रौढ रुग्णांत पेशी नसलेला भाग आखूड असतो. वरचे आतडे ताकद लावून मळ कसाबसा पुढे काढते आणि घरोघरच्या जुलाबाच्या औषधांवर आणि एनिमावर वेळ मारून नेली जाते. आठवड्यातून एकदा शौचाला होणे हेच त्या घराच्या अंगवळणी पडते. पुढे वरच्या आतड्याची ताकद संपते. मळाचा मोठा गोळा अडकतो, पोट फुगते, किंवा लांबलेल्या सिग्मॉइड आतड्याला पीळ पडून रुग्ण तातडीच्या विभागात येतो. तरुण माणसाच्या सिग्मॉइडला पीळ पडला असेल, तर पीळ सोडवल्यावर "हा पीळ का पडला?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

प्रतिसाद 1 :

लेख अतिशय उपयुक्त आहे. एक शंका आहे. बद्धकोष्ठता लहानपणापासून असणारे लोक पुष्कळ असतात. त्यांतल्या कोणाला तपासणीची गरज आहे हे केवळ बोलून ओळखता येते का, की प्रत्येकाला तपासण्यांतून जावे लागते?

धागाकर्ता :

प्रत्येकाला अजिबात जावे लागू नये. लहानपणापासूनच्या बद्धकोष्ठतेत फार मोठा वाटा सवयीच्या, म्हणजे रचनेत दोष नसलेल्या, बद्धकोष्ठतेचा असतो आणि तिचा उपचार शस्त्रक्रियेविना होतो. फरक बराचसा हकीकतीतून आणि बोटाने केलेल्या तपासणीतून कळतो. सवयीच्या बद्धकोष्ठतेत मूल शौच रोखून धरते, गुदाशय मळाने गच्च भरतो आणि कपडे खराब होत राहतात. सुरुवातही बहुधा वर्षा-दोन वर्षांच्या वयानंतर होते. हर्शस्प्रंगच्या आजारात तक्रार जन्मापासूनची असते, कपडे सहसा खराब होत नाहीत, आणि पोटात हाताला मळाचे गोळे लागत असतानाही बोटाने तपासल्यावर गुदाशय रिकामा व आवळलेला आढळतो. भरलेले पोट आणि रिकामा गुदाशय ही जोडी दिसली की मी सावध होतो. अतिशय आखूड तुकड्याच्या रुग्णांत मात्र मळ अगदी खालपर्यंत उतरलेला असू शकतो, म्हणून गुदाशय भरलेला आहे एवढ्यावरून हा आजार नाही असे म्हणता येत नाही.

प्रौढ वयात आतडे फुगण्याची इतर कारणेही नजरेआड करू नयेत. थायरॉइडचे कार्य मंदावणे, अफूजन्य वेदनाशामके, काही मानसिक आजारांवरची औषधे, गुदद्वार अरुंद होणे, शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल न पडता उलट आवळले जाणे, अशी ती आहेत. दक्षिण व मध्य अमेरिकेत चागास हा परजीवीजन्य आजार हेही महत्त्वाचे कारण आहे. त्यात चेतापेशी जन्मतः असतात आणि नंतर नष्ट होतात.

प्रतिसाद 2 :

माझ्या धाकट्या भावाचे निदान वयाच्या विशीनंतर झाले. त्याआधी ज्या ज्या डॉक्टरांकडे गेलो, तिथे प्रश्न भावालाच विचारले गेले, आणि त्याला जन्माच्या वेळचे काय आठवणार? शेवटी एका डॉक्टरांनी आईला आत बोलावून घेतले आणि बाळाची पहिली काळसर शी कधी झाली, ते विचारले. आईला ते लख्ख आठवत होते. दोन दिवस झाले तरी शी झाली नव्हती, पोट टम्म फुगले होते, मग कोणीतरी गुदद्वारातून नळी घालून वाट मोकळी केली आणि बाळ बरे झाले म्हणून घरी सोडले. इतकी वर्षे ही गोष्ट तिने सांगितली नाही, कारण तिला ती कोणी विचारलीच नव्हती. आपल्या घरात अशी तक्रार असेल तर आई, आजी, मावशी अशा जाणत्या माणसांना तपासणीच्या वेळी बरोबर न्यावे अशी माझी सर्वांना विनंती आहे.

धागाकर्ता :

आपण लिहिलेली गोष्ट फार मोलाची आहे. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांत आणि जवळजवळ नेहमीच 48 तासांत पहिली शी होते. तिला त्याहून उशीर झाला असेल तर पुढची तपासणी मी टाळत नाही. ती वेळेवर झाली असेल तर मात्र केवळ त्यावरून आजार नाकारत नाही, कारण आखूड तुकड्याच्या बाळांना ती वेळेवर होऊ शकते.

प्रतिसाद 3 :

मी क्ष-किरण विभागात काम करतो. बेरियम एनिमा, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारे औषध गुदद्वारातून आतड्यात सोडून प्रतिमा घेणे, याबद्दल थोडी भर घालतो, कारण ही तपासणी साधी वाटली तरी ती कशी केली यावर तिचा अर्थ अवलंबून असतो.

नेहमीच्या बेरियम एनिमाआधी आतडे धुऊन स्वच्छ करतात. इथे तसे करू नये, कारण धुण्याने अरुंद आणि रुंद भागांतला फरक तात्पुरता पुसला जाऊ शकतो. नळीचे टोक गुदद्वाराच्या जेमतेम आत ठेवावे आणि नळीचा फुगा फुगवू नये. फुगवलेला फुगा नेमका त्या अरुंद तुकड्यात बसतो आणि जे पाहायचे तेच झाकले जाते. औषध हळूहळू सोडत रुग्णाला कुशीवर वळवून पहिल्या काही क्षणांतल्या प्रतिमा घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. अरुंद गुदाशय, त्यावर नरसाळ्यासारखा रुंदावत जाणारा पट्टा आणि त्यावर फुगलेले सिग्मॉइड असे चित्र त्यातच दिसते. एरवी गुदाशय सिग्मॉइडपेक्षा रुंद असतो. हे प्रमाण उलटे झाले असेल तर संशय बळावतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक प्रतिमा घेतली आणि औषध बरेचसे आतच राहिलेले दिसले तर तीही उपयोगी खूण आहे. प्रौढांमध्ये ओटीपोटाच्या कडेपाशी आतड्याची रुंदी 6.5 सेंटिमीटरपेक्षा जास्त असली तर ते फुगलेले समजतात. पण फुगलेले आतडे अनेक कारणांनी होते, त्यामुळे मी माझ्या अहवालात रुंदीपेक्षा अरुंद भागाची लांबी आणि तो कुठून कुठे जातो हे आधी लिहितो.

प्रतिसाद 4 :

माझ्या पुतणीची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली, त्यात घेतलेल्या तुकड्याची बायोप्सी "सामान्य" आली आणि "तुम्हाला हा आजार नाही" असे सांगण्यात आले. तक्रार मात्र तशीच आहे. बायोप्सीनंतरही शंका घ्यायला जागा उरते का?

धागाकर्ता :

उरते, आणि या संपूर्ण विषयातला माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बायोप्सीचा निकाल तीन गोष्टींवर अवलंबून असतो : तुकडा कुठून घेतला, किती खोल घेतला आणि तो कोणी कसा पाहिला. कोलोनोस्कोपीतल्या चिमट्याने घेतलेला तुकडा बहुधा वरवरच्या अस्तराचा असतो आणि चेतापेशींची जाळी त्याखाली असतात. अशा तुकड्यात त्या पेशी दिसल्या नाहीत तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय दुर्बीण अरुंद भाग ओलांडून वर गेलेली असते. तिथे, फुगलेल्या भागात, पेशी असणारच. तिथल्या तुकड्याचा अहवाल "सामान्य" आला म्हणून खालचा भाग सामान्य ठरत नाही. आपल्या पुतणीच्या अहवालात तुकडा गुदद्वारापासून किती अंतरावरून घेतला आणि त्यात अस्तराखालचा थर आला होता का, या दोन गोष्टी पाहाव्यात. त्या लिहिलेल्या नसतील तर विचाराव्यात.

याच्या उलट चूकही होते. गुदद्वाराच्या आत जिथे कातडीसारखा थर संपून आतड्याचे अस्तर सुरू होते त्या दातेरी रेषेच्या लगत निरोगी माणसातही या पेशी विरळच असतात. तुकडा तिथूनच घेतला तर आजार नसताना आजार आहे असा अहवाल येऊ शकतो. म्हणून तुकडा त्या रेषेच्या साधारण दोन-तीन सेंटिमीटर वरून, मागच्या भिंतीतून घेतात. बाळांमध्ये 1969 पासून शोषणयंत्राने, भूल न देता, अस्तर व त्याखालचा थर घेता येतो. प्रौढाचे अस्तर जाड व चिवट असल्याने ते यंत्र अनेकदा पुरेसा खोल तुकडा देत नाही. प्रौढात भूल देऊन, डोळ्यांनी पाहत, स्नायूसह भिंतीच्या पूर्ण जाडीचा तुकडा कापून घेणे आणि ती जागा टाक्यांनी बंद करणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

त्याआधी मॅनोमेट्री, म्हणजे गुदाशयातला व गुदस्नायूंचा दाब मोजण्याची तपासणी, करून घ्यावी. गुदाशयात छोटा फुगा फुगवला की निरोगी माणसाचा आतला गुदस्नायू आपोआप सैल पडतो. या आजारात तो सैल पडत नाही. ही प्रतिक्रिया स्पष्ट दिसली तर आजार जवळजवळ नाहीच असे समजून पुढची बायोप्सी टाळता येते. ती दिसली नाही तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. गुदाशय फार ताणलेला असेल तर थोड्याशा हवेने त्याच्या भिंतीला ताण बसतच नाही आणि फुगा बराच मोठा केल्यावर ती प्रतिक्रिया प्रकट होते. हे लक्षात न घेता "प्रतिक्रिया नाही" असा अहवाल आला, तर सवयीच्या बद्धकोष्ठतेचा रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचू शकतो.

प्रतिसाद 5 :

मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. वरील मजकुराला आमच्या बाजूने पुरवणी जोडते.

एखादी गोष्ट "आहे" असे सांगायला ती एकदा दिसली तरी पुरते, पण "नाही" असे सांगायला सगळीकडे पाहावे लागते. गँग्लियन पेशी दिसली तर काम संपले. दिसली नाही तर त्या तुकड्याचे एकामागून एक पातळ छेद कापून, प्रत्येक छेद सूक्ष्मदर्शकाखाली शेवटपर्यंत तपासावा लागतो. पेशी मोठी असते, तिचे केंद्रक ठसठशीत असते, आणि ती चेतातंतूंच्या कडेला दोन-तीनच्या झुबक्याने बसलेली असते. आजार असेल तर तिची जागा रिकामी असते आणि तिथे चेतातंतूंचे जाडजूड जुडगे दिसतात. हे जुडगे ही दुसरी, स्वतंत्र खूण आहे. पेशी नाहीत आणि जुडगेही नाहीत, असा तुकडा आला तर मी शल्यचिकित्सकांना फोन करून तो नेमका कुठून घेतला ते विचारते, कारण तो फार खालून घेतलेला असू शकतो. कॅलरेटिनिन हे रंजन, म्हणजे छेद रंगवून पाहण्याची पद्धत, आता पुष्कळ ठिकाणी करतात. निरोगी अस्तरात त्याचे बारीक तंतू रंगलेले दिसतात आणि पेशी नसलेल्या भागात ते दिसत नाहीत. ॲसिटिलकोलिनेस्टरेजचे जुने रंजनही चांगले आहे, पण त्याला गोठवलेला ताजा तुकडा लागतो. फॉर्मालिनमध्ये टाकलेल्या तुकड्यावर ते होत नाही, त्यामुळे ते हवे असेल तर आधी कळवावे लागते.

रुग्णांना एक विनंती आहे. केवळ छापील अहवाल नेऊ नका, काचपट्ट्या आणि मेणातले ठोकळेही मागून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायचे झाले तर तेच लागतात.

प्रतिसाद 6 :

निदानाचा भाग स्पष्ट झाला. शस्त्रक्रियेबद्दल वाचताना मात्र स्वेन्सन, दुहामेल, सोआवे अशी नावे समोर येतात आणि गोंधळ होतो. हे पर्याय एकाच तोडीचे आहेत का? आणि पोटावर मळ गोळा करणारी पिशवी लावावीच लागते का?

धागाकर्ता :

तत्त्व तिन्हींचे एकच आहे. पेशी असलेले निरोगी आतडे खाली आणून गुदद्वाराच्या जवळ जोडायचे आणि आतला गुदस्नायू जपायचा. रोगट गुदाशयाचे काय करायचे, यात त्या वेगळ्या आहेत. स्वेन्सन यांच्या पद्धतीत तो जवळजवळ पूर्ण काढतात. 1964 साली प्रसिद्ध झालेल्या सोआवे यांच्या पद्धतीत त्याचे आतले अस्तर सोलून काढतात आणि उरलेल्या स्नायूच्या नळीतून निरोगी आतडे खाली ओढतात. दुहामेल यांनी 1956 साली सुचवलेल्या पद्धतीत गुदाशय जागेवरच ठेवतात, निरोगी आतडे त्याच्या पाठीमागून खाली आणतात आणि दोन्हींमधला पडदा कापून एकच पोकळी करतात. तिची पुढची भिंत पेशींविना आणि मागची पेशींसह असते.

बाळांमध्ये आता बहुधा गुदद्वारातूनच, पोट न उघडता किंवा लॅपरोस्कोपीच्या (पोटाला छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेच्या) मदतीने हे काम होते. गुदद्वारातून करण्याची ती पद्धत 1998 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढाचे शरीर हे बाळाचे मोठे रूप नसते, आणि इथेच निवडीचा प्रश्न खरा उभा राहतो. प्रौढाचे ओटीपोट खोल असते. वर्षानुवर्षांच्या सुजेने अस्तर स्नायूला चिकटलेले असते, सोलताना फाटते आणि रक्तस्राव होतो, त्यामुळे सोआवे यांची पद्धत अवघड जाते. गुदाशयाच्या पुढच्या व बाजूच्या भागात मूत्राशयाच्या आणि लैंगिक कार्याच्या चेता असतात. तरुण माणसात त्यांना इजा होणे हे आयुष्यभराचे नुकसान असते. दुहामेल यांच्या पद्धतीत पुढच्या बाजूला हात लावावाच लागत नाही, आणि रुंद आतडे अरुंद गुदाशयाला कडेने जोडले जात असल्याने मापांतला फरकही निभावून जातो. स्टेपलर आल्यापासून मधला पडदा कापून शिवणे सोपे झाले आहे. प्रौढांमध्ये अनेक शल्यचिकित्सक ही पद्धत पसंत करतात, आणि माझाही कल तिच्याकडेच आहे. तिचा दोषही सांगतो. पडद्याचा काही भाग वर राहून गेला तर पुढच्या जुन्या गुदाशयात मळ साचून गोळा होतो आणि तो पडदा नंतर पुन्हा कापावा लागतो.

अतिशय आखूड तुकडा असेल तर गुदद्वारातूनच मागच्या भिंतीतल्या स्नायूची उभी पट्टी काढणे काही वेळा पुरते. ही पट्टी बायोप्सी म्हणूनही उपयोगी पडते. पण तुकडा जरा लांब असला तर हा उपाय अपुरा ठरतो. रुग्णाला छोटी शस्त्रक्रिया हवीशी वाटते म्हणून ती निवडू नये.

शस्त्रक्रियेच्या वेळी पोट उघडल्यावर सिग्मॉइडची भिंत जाड व पांढुरकी दिसते. मोठ्या आतड्याच्या लांबीवर एरवी स्पष्ट दिसणारे स्नायूंचे तीन पट्टे पसरून ओळखू येईनासे झालेले असतात. कापायचे कुठे हे मात्र डोळ्यांनी ठरवता येत नाही. रुंदी बदललेली जागा आणि पेशी सुरू होण्याची जागा एकच असेल असे नाही. वेगवेगळ्या उंचीवरून भिंतीचे छोटे तुकडे घेऊन प्रयोगशाळेत गोठवून लगेच तपासतात आणि त्या निरोपाची वाट पाहत थांबतात. पेशींची सीमा आतड्याभोवती एकसारखी नसते, एका बाजूला ती वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असू शकते. म्हणून पहिल्या निरोगी तुकड्याच्या काही सेंटिमीटर वर जाऊन कापणे आणि तिथले पूर्ण वर्तुळ तपासून घेणे बरे. प्रौढात आणखी एक पेच असतो. वरच्या फुगलेल्या आतड्यात पेशी असल्या तरी ते इतके ताणलेले असते की त्यात पुन्हा जोम येण्याची आशा नसते. तेव्हा पेशी असूनही तो भाग काढावा लागतो आणि जवळजवळ सामान्य रुंदीचे आतडे खाली आणावे लागते. मूळ दोष खालच्या तुकड्यात आहे हे खरे असले तरी इतक्या वर्षांचा भार वरच्या भागाने सोसलेला असतो.

पिशवीबद्दल. आतडे फारसे फुगलेले नसेल, ते खालून धुऊन मोकळे करता आले असेल आणि प्रकृती चांगली असेल तर एकाच टप्प्यात शस्त्रक्रिया होऊ शकते. आतडे प्रचंड फुगलेले असेल, किंवा रुग्ण पिळासारख्या आणीबाणीत आला असेल, तर आधी पोटावर मळाची वाट काढून काही महिने आतड्याला आकसू द्यावे आणि मग मुख्य शस्त्रक्रिया करावी. काही वेळा मुख्य शस्त्रक्रियेच्या वेळीच, खालचा जोड भरून येईपर्यंत, तात्पुरती वाट ठेवतात. जोड गळणे हा या शस्त्रक्रियेतला गंभीर धोका आहे. ओटीपोटात पू झाला तर जीवावर बेतू शकते आणि नंतरचे कार्यही बिघडते. काही महिन्यांची पिशवी त्यापुढे मला नेहमीच परवडणारी वाटते.

घरी एनिमा घेणाऱ्यांना एक इशारा देणे गरजेचे आहे. फुगलेल्या आतड्यात घातलेले द्रव बाहेर न येता आतच राहून शोषले जाऊ शकते. साध्या पाण्याने रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते. फॉस्फेटच्या तयार एनिमाने फॉस्फेट वाढून कॅल्शियम कोसळू शकते. आतडे धुणे सलाइननेच आणि देखरेखीखाली करावे.

प्रतिसाद 7 :

मी स्वतः रुग्ण आहे. माझी दुहामेल शस्त्रक्रिया झालेली आहे. लहानपणी माझ्या फुगलेल्या पोटावरून शाळेत जे बोलले जाई ते इथे लिहीत नाही, पण आपला दोष नसताना आयुष्यभर "नीट खात नाही, पाणी पीत नाही" हे ऐकत राहिल्यावर निदानाचा कागद हाती येणे हीसुद्धा मोठी सुटका असते, एवढे सांगते.

शस्त्रक्रियेनंतर काय होते हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहिते. पिशवी बंद झाल्यावर सुरुवातीला दिवसभर सारखे शौचाला जावे लागत होते. गुदद्वाराभोवतीची कातडी सोलवटून निघे. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करून, झिंक ऑक्साइडचे मलम जाड थराने लावणे हाच उपाय उपयोगी पडला. ते आधीपासूनच, कातडी चांगली असताना, लावायला हवे होते असे वाटते. पोटात आलेला वायू आहे की मळ, हे मला ओळखताच येत नसे. माझ्या शरीराने ती जाणीव कधी घेतलेलीच नव्हती. रात्री थोडी गळतीही होई. काही महिन्यांत हे सगळे हळूहळू सावरले. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा मला फार उपयोग झाला. अजूनही मी घराबाहेर पडण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे याचा विचार करते, पण पोट दुखल्यावाचून झोप लागणे म्हणजे काय ते मला आता कळले आहे.

प्रतिसाद 8 :

आपण हे इतके मोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. माझ्या मुलाची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि त्याला हे वाचायला देणार आहे.

डॉक्टर, शस्त्रक्रिया झाल्यावर आजार पूर्ण संपतो का? आणि त्याच्या बहिणीची किंवा पुढे त्याच्या मुलांची तपासणी करावी का?

धागाकर्ता :

बहुतेकांचे आयुष्य पुष्कळ सुधारते, पण आजार संपला म्हणून पाठपुरावा सोडू नये. काहींना पुन्हा बद्धकोष्ठता होते. त्या वेळी जोड अरुंद झाला आहे का, पडदा उरला आहे का, पेशी नसलेला किंवा विरळ पेशींचा भाग मागे राहिला आहे का, की गुदस्नायूच सैल पडत नाही, हे क्रमाने शोधावे लागते. यांतल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ताप, पोट फुगणे आणि दुर्गंधीयुक्त पातळ जुलाब एकत्र आले तर तो आतड्याचा दाह असू शकतो. तो शस्त्रक्रियेनंतरही होतो आणि प्रौढांत कमी आढळला तरी गंभीर असतो, त्यामुळे घरगुती उपायांवर न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या मुलाशी लघवी आणि लैंगिक कार्य यांबद्दल स्पष्ट बोलणे व्हावे, आणि ते त्याच्याशी एकट्याने व्हावे. आईवडिलांसमोर तरुण मुले हे प्रश्न विचारत नाहीत.

भावंडांबद्दल : सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा भावंडांना धोका जास्त असतो, आणि पेशी नसलेला भाग जितका लांब तितका तो वाढतो. आपल्या मुलीला जन्मापासून पोटाची काहीच तक्रार नसेल तर तिची बायोप्सी करण्याचे कारण नाही. मात्र अनुवंशतज्ज्ञांचा सल्ला एकदा अवश्य घ्यावा, विशेषतः कुटुंबात आणखी कोणाला हा आजार असेल किंवा मुलाचा तुकडा लांब असेल तर. या आजाराशी सर्वाधिक निगडित असलेल्या रेट या जनुकातले काही मोजके बदल थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगालाही कारणीभूत होतात. तसा बदल आपल्या मुलात सापडला तर त्याच्या थायरॉइडची देखरेख लगेच सुरू करावी लागेल आणि तीच चाचणी आपण दोघांची व त्याच्या बहिणीचीही करावी लागेल.